तटाची राखण

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुरा दरवाजातून नित्य माणसांची ये-जा चालते. मान वर करून त्याच्याकडे पाहणारे थोडेच. निजाम-उल्-मुल्काने १७३१ साली शहराभोवती विटांचा तट घातला. हा दरवाजा त्या तटाचा.

जवळच शाही किल्ल्यातील महाल राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यान्वये अशा वास्तूस इजा करणे हा गुन्हा होय. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले. परंतु श्रोतेहो, कायद्याचे हे शंभर मीटर अवघ्या तटाला कसे पुरावेत? जी भिंत कोणत्याही यादीत नाही, तिचा राखणदार तिचा शेजारीच. त्यानेच घरकामासाठी तिची वीट काढली, तर १७३१ ची ती वीट कोणतीही भट्टी पुन्हा भाजून देणार नाही.