लाकूड बुडायला किती दिवस लागतात?

माझ्या पहिल्या फिशटँकमध्ये मी गुलमोहराची ओली फांदी टाकली होती. सोसायटीत झाडांची छाटणी झालेली, फांदीला वळण झकास, म्हटलं दुकानात कशाला पैसे घालवा! चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. सहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. रविवारी सकाळी एकही उरला नव्हता.

मंडळी, नंतर वाचताना कळलं की आपल्या आधी हा बग लंडनच्या एका केमिस्टला सापडला होता. रॉबर्ट वॉरिंग्टन. १८४९ मध्ये त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. हिशोब साधा : वनस्पती ऑक्सिजन देणार, मासे कार्बन डायऑक्साइड, पाणी बदलायची कटकट नाही. हिशोब जमलाही, पण जुनी पानं कुजली आणि पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्याने डबक्यातल्या गोगलगाई आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं, वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. १८५० मध्ये त्याने हे सगळं छापलं. (थोडक्यात, गार्बेज कलेक्शन. सवय जात नाही, माफ करा.)

माझ्या टँकमध्ये कुजणारा माल होता ताज्या फांदीतला रस. त्यावर जंतू माजले आणि मासे ज्यावर जगतात तो ऑक्सिजन त्यांनीच संपवला. आणि माझ्याकडे गोगलगाई नव्हत्या. असत्या तरी एवढा माल त्यांना झेपला नसता म्हणा.

आता एकदम जपानात. आज आपण टँकमध्ये लाकूड, दगड, शेवाळ मांडून जंगल उभं करतो ती हौस बरीचशी ताकाशी अमानोची देणगी. हा आधी व्यावसायिक सायकलपटू, मग वर्षावनांचे फोटो काढणारा. १९८२ मध्ये त्याने निइगाताला स्वतःची कंपनी काढली. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ मध्ये त्याने ४० मीटर लांबीचं, १,६०,००० लिटरचं पाण्याखालचं जंगल लावलं आणि त्याच वर्षी तो गेला.

असल्या लाकडाला जपानी शब्द आहे 'र्यूबोकु', म्हणजे वाहून आलेलं लाकूड. त्या शब्दातच सगळी रेसिपी आहे. साल, रस, मऊ भाग नदी आधीच काढून घेते, उरतो तो कठीण गाभा. आपण उकळतो आणि भिजत घालतो ते नदीचंच राहिलेलं काम.

दुसऱ्या वेळी मी गावच्या नदीकाठी अडकलेला एक जुना, वाळलेला बुंधा उचलला. नख रुतत नव्हतं. साल खरवडली आणि पाहुणे आले की निघणाऱ्या पातेल्यात दोन तास उकळला (आईचा चेहरा बघण्यासारखा होता). पाणी अगदी कोऱ्या चहासारखं! टॅनिन दोन्हीकडे असतंच. मग बादलीत, वर दगड ठेवून, रोज पाणी बदलत. बुडायला सव्वीस दिवस लागले.

टँकमध्ये गेल्यावर आठवड्याभरात त्यावर पांढरी बुळबुळीत साय धरली. पोटात गोळाच आला. पण पाणी स्वच्छ होतं, मासे खालीच फिरत होते. या वेळी चार गोगलगाई आणून ठेवल्या होत्या. सोमवारी ऑफिसातून आलो तेव्हा अर्धं लाकूड साफ झालं होतं.