विंचू, नाडी आणि गार पाय

हृदयावरच्या उपचारांचा इतिहास म्हटला की शहरातली मोठी रुग्णालयं आठवतात. महाड तालुक्यात तो विंचवाने लिहिला.

तुडीलपासून पोलादपूरच्या घाटपायथ्यापर्यंत जांभ्याचे गडगे, भाताचा पेंढा, रचून ठेवलेली लाकडं. लाल विंचवाला लपायला आणखी काय हवं? दंश झाला की आधी विंचू उतरवणाऱ्याकडे धाव. गंमत अशी की वेदनेने कळवळणारा माणूस बहुधा वाचायचा. फारसं दुखत नाही म्हणणारा, पण घामाने चिंब होऊन ओकणारा, तो खरा धोक्यात. त्याचे हातपाय गार पडत, नाडी अडखळे, फुप्फुसांत पाणी भरे, तोंडाला गुलाबी फेस येई. मांत्रिकांचा लौकिक पहिल्या प्रकारच्या रुग्णांवर पोसला गेला असणार.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. खाटेशेजारी बसून ते घाम, नाडी, रक्तदाब टिपत राहिले. धोक्याची ही पूर्वलक्षणं त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. विषामुळे मज्जातंतू सतत चेतत राहतात, अ‍ॅड्रेनालिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमतं. म्हणजे मारक ठरत होता तो शरीराचाच अतिरेक.

मग आवळलेल्या वाहिन्या सैल कराव्यात! सोडियम नायट्रोप्रुसाइडने ते साधलं, पण त्याच्या थेंबाथेंबावर डोळ्यांत तेल घालून पहारा लागे. गावच्या दवाखान्याला ते कसं परवडावं? प्रॅझोसिन मात्र रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी १९८६ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्येच छापले. गोळी एकदा देऊन भागत नसे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत ती दर ३ तासांनी पुन्हा द्यायची. पाय चाचपायला यंत्र लागत नाही, हे या उपचाराचं मोठं बळ. गंभीर रुग्णांतला मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत आला.

२०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्याहून मोलाची वाटते ती २०११ची ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधली चाचणी. महाडमधल्या ७० रुग्णांवर या दांपत्याने स्वतःचंच औषध पुन्हा तपासायला घेतलं. नुसत्या प्रॅझोसिनवर बरं व्हायला सरासरी सुमारे १८ तास लागले. विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यावर ८.