परतून आलेली मुले आणि त्यांचे वाचक

बालवाङ्मयाचा इतिहास लिहिताना लेखकांची नावे आणि ग्रंथांची साले नोंदवून थांबण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. या वाङ्मयाचा वाचक नुसता वाचून स्वस्थ बसत नाही. तो लेखकाला पत्र लिहितो, हट्ट धरतो, भांडतो आणि प्रसंगी लेखकाने लावून घेतलेले दार त्याला पुन्हा उघडायला लावतो. अद्भुतलोकी जाऊन आलेल्या मुलांच्या इंग्रजी कथांबाबत तर आम्ही असे म्हणू की, या कथांतला सर्वांत बिकट प्रश्न लेखकांनी मांडलेला नाही, तो वाचकांनी विचारलेला आहे. प्रश्न अगदी साधा आहे: घरी परतल्यावर त्या मुलाचे पुढे काय झाले?

२०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली शॉनन मॅग्वायर यांची ‘एव्हरी हार्ट अ डोअरवे’ ही लघुकादंबरी सर्वस्वी याच प्रश्नावर उभी आहे. एलिनॉर वेस्ट नावाच्या वृद्ध बाईंनी एक निवासी शाळा चालवली आहे. तिथली मुले कधी ना कधी एखाद्या दारातून परलोकी गेली, तिथे रमली, आणि मग इच्छा असो वा नसो, या जगात परत आली. आईबापांची समजूत अशी की मूल आजारी आहे आणि शाळा त्याला बरे करील. मुलांना मात्र बरे व्हायचे नाही. त्यांना दार पुन्हा सापडायला हवे आहे. नायिका नॅन्सी ही मृतांच्या राजवाड्यात राहून आली आहे. पुतळ्यासारखे तासन् तास निश्चल उभे राहणे ही तिथे तिने मिळवलेली विद्या. तिला काळेपांढरे कपडे हवेत; आईबापांनी मात्र तिचे सामान परस्पर बदलून त्यात रंगीबेरंगी कपडे भरले आहेत. त्यांना आपली ‘पूर्वीची’ मुलगी हवी आहे. या छोट्या पुस्तकाला नेब्युला, ह्यूगो आणि लोकस हे अद्भुतकथांच्या क्षेत्रातले तिन्ही मोठे मान मिळाले. वाचकांनी त्याचे स्वागत केले आणि त्याच्याशी वादही घातला. हे दोन्ही का घडले, ते समजण्यासाठी शंभरसव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१८६५ सालच्या अॅलिसपुढे हा प्रश्नच नव्हता. ती जागी झाली, बहिणीला स्वप्न सांगितले आणि चहा घ्यायला धावत गेली. स्वप्नातून परतणाऱ्याला परतीचे दुःख नसते. ते दुःख सुरू होते ते पलीकडचे जग खरे मानल्यावर, आणि तसे ते मानण्यात मुले लेखकांच्या पुढे होती.

फ्रँक बॉम यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १९०० साली त्यांनी ऑझच्या विलक्षण जादूगाराची कथा लिहिली. कॅन्ससच्या करड्या, रुक्ष माळावरची डोरोथी वावटळीबरोबर ऑझच्या रंगीत देशात जाते, आणि तिथे तिचा एकच ध्यास असतो: घरी परत जायचे. ती परतते आणि कथा संपते. बॉम यांच्या लेखी विषय तिथेच मिटला होता. पण मुलांची पत्रे येऊ लागली. १९०४ च्या दुसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते सांगतात की, हजार मुलींनी हजार पत्रे लिहिली तर पुढची गोष्ट लिहीन, असे एका लहान मुलीला त्यांनी वचन देऊन ठेवले होते. ते वचन त्यांना पाळावे लागले. त्यानंतर पुस्तकामागून पुस्तक आले आणि डोरोथीच्या खेपा सुरू झाल्या.

१९१० साली बॉम यांनी हे प्रकरण एकदाचे मिटवायचे ठरवले. ‘द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ’ या पुस्तकात हेन्री काकांच्या शेतावर गहाणाचे कर्ज चढले आहे आणि ते फिटण्याची आशा उरलेली नाही. तेव्हा डोरोथी काकाकाकूंनाच ऑझमध्ये घेऊन जाते आणि सगळे तिथेच कायमचे राहतात. मग ऑझ जगाच्या दृष्टीआड केले जाते. तिकडून यापुढे वार्ता येणार नाही, असे सांगून लेखकाने निरोप घेतला. बॉम यांनी दुसऱ्या अद्भुतकथा लिहून पाहिल्या. त्या तितक्या खपल्या नाहीत, आणि १९११ मध्ये त्यांच्यावर दिवाळे जाहीर करण्याची पाळी आली. शेवटी १९१३ साली ते ऑझकडे वळले, आणि निमित्त असे सांगितले की, बिनतारी तारायंत्राने ऑझशी संपर्क साधता येईल ही युक्ती एका मुलानेच सुचवली. द्रव्याची निकड आणि बालवाचकांचा लोभ यांनी मिळून लेखकाला हरवले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. १९०० साली घर म्हणजे कॅन्सस होते; १९१० साली घर म्हणजे ऑझ झाले. परतीची दिशाच फिरली, आणि ती फिरवण्यात पत्रे लिहिणाऱ्या मुलांचा वाटा लहान नव्हता.

जेम्स बॅरी यांनी हाच प्रश्न अधिक कठोरपणे हाताळला. पीटर पॅन १९०४ मध्ये रंगभूमीवर आला आणि १९११ साली त्याची कादंबरी झाली. तिच्या शेवटच्या प्रकरणात, नेव्हरलँडहून परतलेली मुले मोठेपणी काय झाली ते बॅरी सांगतात. एक न्यायाधीश झाला, एक आगगाडीचा इंजिन ड्रायव्हर झाला, तर काही जण हातात लहानशी बॅग आणि छत्री घेऊन रोज कचेरीत जाऊ लागले. जॉनला दाढी आली, पण आपल्या मुलांना सांगायला त्याच्याजवळ एकही गोष्ट उरली नाही. बॅग आणि छत्री घेऊन कचेरीत जाणाऱ्या आमच्या वाचकवर्गाने हे प्रकरण जरूर वाचावे. त्यात बॅरी यांनी कुणाचीही गय केलेली नाही.

आता सी. एस. लुइस यांच्याकडे वळू, कारण आधुनिक वाचकांचा सारा कलह त्यांच्याशी आहे. नार्नियाची पहिली कथा १९५० ची. तिच्यातली चार भावंडे लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे खेड्यात पाठवलेली मुले आहेत. हे कल्पित नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने सुमारे पंधरा लाख माणसे, बहुतांशी मुले, शहरांतून खेड्यापाड्यांत हलवली, आणि ऑक्सफर्डजवळच्या लुइस यांच्या घरीही अशी मुले राहिली होती. त्या पिढीतली कित्येक मुले वर्षांनंतर घरी परतली तेव्हा त्यांची बोली बदललेली होती, आणि काहींना आपले आईवडील परके वाटले. कथेतली भावंडे मात्र नार्नियात वर्षानुवर्षे राज्य करून, प्रौढ होऊन, कपाटातून परत येतात ती पुन्हा लहान मुले होऊनच, आणि इकडे क्षणही लोटलेला नसतो. राज्य केलेल्या माणसाने उद्यापासून शाळेच्या बाकावर बसावे, यातला क्लेश केवढा असेल! लुइस यांनी त्याला जवळजवळ स्पर्शच केला नाही.

वाचकांचे लक्ष तिथेच गेले, विशेषतः सूझनकडे. १९५६ च्या शेवटच्या पुस्तकात भावंडे रेल्वे अपघातात मरण पावून खऱ्या नार्नियात पोचतात, पण सूझन त्यांत नसते. तिला आता नायलॉनचे मोजे, ओठांची लाली आणि आमंत्रणे यांचीच गोडी लागली आहे आणि नार्निया हा लहानपणचा खेळ होता असे ती म्हणते, एवढे ऐकून वाचकाने तिला विसरायचे असते. मुले विसरली नाहीत. त्यांनी लुइस यांना पत्रे लिहिली आणि लुइस यांनी, हा त्यांचा मोठेपणा, उत्तरे दिली. १९५७ च्या एका उत्तरात ते म्हणतात की, सूझन अजून जिवंत आहे, तिला सुधारायला वेळ आहे, आणि कदाचित ती तिच्या मार्गाने तिथे पोचेलही. १९६० च्या दुसऱ्या उत्तरात त्यांनी कबूल केले की, तिची कथा प्रौढांच्या कादंबरीसारखी होईल, ती आपल्याच्याने लिहिवणार नाही. पण तूच का लिहून पाहत नाहीस, असेही पत्रलेखिकेला सुचवले. लेखकाने वाचकाच्या हाती लेखणी दिल्याचे इतके स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

लुइस १९६३ साली वारले, पण ती लेखणी फिरतच राहिली. फिलिप पुलमन यांनी १९९८ मध्ये ‘गार्डियन’ पत्रात नार्नियावर कडक टीका केली. तिच्यात सूझनवरील अन्याय हा एक मुख्य मुद्दा होता. नील गेमन यांनी २००४ साली सूझनच्या प्रश्नावर एक कथाच लिहिली आणि अपघातानंतर एकट्या उरलेल्या मुलीला कशाकशाला सामोरे जावे लागले असेल, याची आठवण करून दिली. मॅग्वायर यांची लघुकादंबरी हा आमच्या मते याच पत्रव्यवहारातला पुढचा कागद आहे. फरक एवढाच की, इथे मागे राहिलेली सूझन एकटी नाही. तिच्यासारख्यांची शाळाच भरली आहे.

या पुस्तकाला मिळालेल्या प्रतिसादात प्रथम जाणवते ती ओळख पटल्याची भावना. आपल्याच घरात उपरे वाटणाऱ्या वाचकांना त्यात स्वतःचे चित्र दिसले. नॅन्सीला प्रेम समजते पण शरीरसंबंधाची ओढ नाही. अशी नायिका त्यांना छापील पुस्तकात क्वचितच भेटली होती. केडला परीलोकाने मुलगी समजून नेले आणि तो मुलगा आहे हे कळताच हाकलून दिले. घरच्यांनीही त्याला स्वीकारले नाही. दोन्ही जगांनी दार लावलेला हा मुलगा शाळेच्या माळ्यावर बसून नव्याने आलेल्यांना त्यांच्या मनाजोगे कपडे जमवून देतो. तो पुष्कळांचा लाडका ठरला, यात आम्हांला नवल वाटत नाही.

तक्रारीही झाल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. शाळेत खून पडू लागतात आणि उत्तरार्ध त्या रहस्याच्या मागे धावतो. गुन्हेगार कोण हे पुष्कळांनी आधीच ओळखले. (आम्ही ते येथे सांगणार नाही.) एवढी समृद्ध कल्पना इतक्या थोड्या पानांत आटोपली, हीही अनेकांची खंत होती; लेखिकेने २०१७ पासून एकामागून एक पुढची पुस्तके लिहून ती काही अंशी दूर केली. २०२२ साली या मालिकेलाही ह्यूगो मिळाले.

आमची तक्रार निराळी आहे. या पुस्तकात आईबाप जवळजवळ बाहुलीसारखे आहेत. ते समजून घेत नाहीत, कपडे बदलतात, खोटी आशा धरतात. याहून त्यांना अंतरंग नाही. ज्या वाचकांना स्वतःच्या घरी असाच अनुभव आला ते म्हणतील की हेच सत्य आहे, आणि त्यांना खोडून काढण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण मूल नाहीसे झाल्यावर ज्यांनी रात्री जागून काढल्या, त्यांच्याकडूनही एखादे प्रकरण यायला हवे होते. मृत्यूच्या घरून परतणाऱ्या मुलाची कथा आपल्याकडे कठोपनिषदात आहे. यमाने तीन वर देऊ केले तेव्हा नचिकेत्याने पहिला वर ब्रह्मज्ञानाचा मागितला नाही. आपण परत जाऊ तेव्हा पित्याचा राग शमलेला असावा, त्याने आपल्याला ओळखावे आणि आनंदाने बोलावे, एवढेच त्याने मागितले. रागाच्या भरात ज्या बापाने त्याला मृत्यूला देऊन टाकले, त्याच बापासाठी हे मागणे आहे. नॅन्सीला असा वर कुणी देऊ केला नाही, आणि तिलाही तो मागावासा वाटला नाही.

बदल्यांच्या निमित्ताने मुलखावेगळे राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा भाग परका वाटू नये. कोलकात्यात किंवा दिल्लीत वाढलेले मूल सुटीत आजोळी जाते, तेव्हा त्याच्या मराठीचे कौतुक होते आणि थट्टाही होते. तिथून परतल्यावर शेजारची मुले त्याला ‘तुम्हा मराठी लोकांचे’ म्हणून काही विचारतात. त्याचे घर कोणते, याचे उत्तर आपण त्याच्यावतीने देऊन टाकतो, बहुधा त्याला न विचारता.

पुस्तकाच्या शेवटावरून वाचकांत सरळ दोन तट पडले. अखेरीस नॅन्सीला तिचे दार सापडते आणि ती निघून जाते. एका पक्षाला हा न्याय वाटला: शंभर वर्षे प्रत्येक मुलीला घरी आणून सोडणाऱ्या कथांनी एकीला तरी जाऊ दिले. दुसऱ्या पक्षाला भीती वाटली की, मृतांच्या लोकी परत जाण्याची ओढ ही ज्या तरुण वाचकाच्या मनात आधीच काळोख आहे त्याला काय सांगेल? आम्हांला पहिल्या पक्षाचा आनंद समजतो आणि दुसऱ्याची भीतीही रास्त वाटते. डोरोथीने १९१० साली कॅन्सस सोडले तेव्हा काकाकाकूंना बरोबर नेले होते. नॅन्सी एकटीच जाते. तिने घरी निरोप ठेवला की नाही, आणि शाळेने तिच्या आईबापांना काय कळवले, याबद्दल त्या शेवटच्या पानांत एक ओळही नाही.