काळा कायदा (१८३६)

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३६ मध्ये केलेला अकरावा कायदा. मोफसल (राजधानीच्या शहराबाहेरील) भागातील ब्रिटिश प्रजाजनांना दिवाणी दाव्यांत कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाकडे अपील करण्याची जी खास सवलत होती, ती या कायद्याने काढून घेतली. ‘काळा कायदा’ हे नाव त्याला विरोधकांनी दिले.

१८१३ च्या सनदी कायद्याने मोफसलात व्यापार करणाऱ्या किंवा तेथे स्थावर मालमत्ता असलेल्या ब्रिटिशांना कंपनीच्या दिवाणी न्यायालयांच्या कक्षेत आणले होते. मात्र निकालाविरुद्ध त्यांना थेट सुप्रीम कोर्टात जाता येई. हिंदी पक्षकाराला कंपनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात, म्हणजे सदर दिवाणी अदालतीतच दाद मागावी लागे. १८३३ च्या सनदी कायद्याने ब्रिटिशांना देशाच्या अंतर्भागात वसण्याची व जमीन घेण्याची वाट मोकळी केली. येणाऱ्यांची संख्या वाढेल, तेव्हा एकाच प्रदेशात दोन अपील न्यायालये नकोत, अशी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचे कायदा सदस्य टॉमस मेकॉले यांची भूमिका होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑक्लंड यांच्या कारकिर्दीत कायदा संमत झाला.

कलकत्त्यातील गोरे व्यापारी, सुप्रीम कोर्टाचे वकील आणि इंग्रजी वृत्तपत्रे यांनी विरोधाची आघाडी उभारली. टाउन हॉलमध्ये सभा झाली, पार्लमेंटकडे अर्ज गेला. कार, टागोर आणि कंपनी या पेढीचे भागीदार द्वारकानाथ टागोर यांनीही विरोधकांची बाजू घेतली. इंग्लंडमधील कायद्याचे संरक्षण हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असे गोऱ्यांचे म्हणणे होते. सदर अदालतीचे न्यायाधीशही इंग्रजच होते. पण ते कंपनीचे नोकर, तर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राजाने नेमलेले. ओरड कलकत्त्याची आहे, कायदा ज्यांना लागू होणार त्या मोफसलवासीयांची नाही, असे मेकॉले यांचे उत्तर होते. १८३८ मध्ये कॉमन्स सभागृहात झालेली चौकशी समितीची मागणी मान्य झाली नाही आणि कायदा टिकला.

फौजदारी खटले कंपनीच्या मोफसल न्यायालयांत न चालण्याची गोऱ्यांची सवलत मात्र कायम राहिली. ती काढण्यासाठी १८४९ मध्ये कायदा सदस्य ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी तयार केलेले मसुदेही ‘काळे कायदे’ ठरले आणि विरोधामुळे बारगळले. त्या मसुद्यांच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिणारे बंगाली व्यापारी रामगोपाल घोष यांना शेती व बागायत संस्थेचे उपाध्यक्षपद गमवावे लागले. हिंदी न्यायाधीशांना मोफसलातील गोऱ्यांवर फौजदारी खटले चालवण्याचा अधिकार देऊ पाहणाऱ्या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाच्या वेळी कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्या व मळेवाले पुन्हा एकत्र आले. अखेर १८८४ च्या कायद्यात, किमान निम्मे सदस्य युरोपीय किंवा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क गोऱ्या आरोपीला देऊन तडजोड झाली.

संघटित विरोधापुढे सरकार नमते, हे हिंदी पुढाऱ्यांनीही हेरले. इल्बर्ट विधेयकाच्या पाठिंब्यासाठी १८८३ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधील सभेत बोललेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांनीच १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला.