रात्रीच्या शालेय अमेरिकन फुटबॉल सामन्यांचे छायाचित्रण

रात्रीच्या शालेय अमेरिकन फुटबॉल सामन्यांचे छायाचित्रण ही क्रीडा छायाचित्रणाची एक शाखा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांच्या मैदानांवर विद्युत्प्रकाशात होणाऱ्या सामन्यांची छायाचित्रे काढणे हा तिचा विषय होय. येथे ‘फुटबॉल’ म्हणजे लांबट चेंडूने, शिरस्त्राणे घालून खेळला जाणारा अमेरिकन खेळ अभिप्रेत आहे. कोल्हापूर किंवा गोव्यात ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. अपुरा व असमान प्रकाश आणि अतिशय वेगवान हालचाल अशा दोन अडचणी येथे एकाच वेळी उभ्या राहतात. एकीवर केलेला उपाय बहुधा दुसरीला वाढवतो. त्यामुळे क्रीडा छायाचित्रणाच्या अवघड प्रकारांत याची गणना होते. व्यावसायिक संघांची झगझगीत क्रीडागारे टिपणे त्या मानाने सोपे असते.

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलचा विजेच्या प्रकाशातील पहिला सामना २८ सप्टेंबर १८९२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॅन्सफील्ड येथे झाला, असे मानले जाते. मॅन्सफील्डचे अध्यापक विद्यालय आणि वायोमिंग सेमिनरी ही शाळा यांच्यातील हा सामना प्रकाश अपुरा पडल्याने मध्यंतरालाच थांबवावा लागला. एकही गुण नोंदला गेला नव्हता. खेळाडूंनाच जेथे चेंडू दिसेना, तेथे त्या काळच्या काचपट्ट्यांवर काही उमटणे शक्यच नव्हते.

पुढे शुक्रवारची रात्र ही शालेय सामन्यांची रात्र ठरली. १९६१च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने तिला अप्रत्यक्ष संरक्षणही दिले. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी, शालेय वा महाविद्यालयीन सामन्याच्या स्थळापासून ७५ मैलांच्या आतील केंद्रावरून व्यावसायिक फुटबॉलचे प्रक्षेपण झाल्यास त्या कायद्यातील सवलत लागू होत नाही. लहान गावांत या रात्रीला आपल्याकडील जत्रेसारखे स्वरूप येते. टेक्सासमधील ओडेसा गावच्या पर्मियन हायस्कूलच्या १९८८च्या हंगामावर एच. जी. बिसिंजर यांनी १९९० साली लिहिलेल्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या पुस्तकामुळे ही संस्कृती जगभर माहीत झाली. त्यातील छायाचित्रे रॉबर्ट क्लार्क यांची आहेत.

प्रकाशाचे स्वरूप

निरभ्र दुपारी उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. सामान्य शाळेच्या मैदानावर रात्री काही शे लक्स मिळाला तरी तो बरा समजला जातो. उन्हाच्या तुलनेत हा प्रकाश सुमारे अडीचशे पटींनी कमी भरतो, आणि जुन्या दिव्यांच्या मैदानावर त्याहूनही कमी. मानवी डोळा या अंधाराशी सहज जुळवून घेतो, म्हणून प्रेक्षकाला मैदान लख्ख दिसते. नवख्या छायाचित्रकाराची पहिली फसगत येथेच होते.

शिवाय हा प्रकाश सर्वत्र सारखा नसतो. दिव्यांचे खांब बहुधा दोन्ही लांब बाजूंना, प्रेक्षकांच्या बाकांमागे असतात. त्यामुळे मैदानाचा मध्य उजळ आणि कोपरे व दोन्ही टोके मंद राहतात. बहुतेक गुण मात्र टोकांच्या ‘एंड झोन’मध्येच होतात. सामन्यातील सर्वांत महत्त्वाचा क्षण सर्वांत कमी उजेडात घडावा, ही या मैदानांची खोडच म्हणावी लागेल. अनुभवी छायाचित्रकार सामन्यापूर्वी मैदानाच्या निरनिराळ्या भागांत उभे राहून प्रकाशाची मोजणी करतात आणि कोणत्या टोकाला किती फरक करावा लागेल हे ध्यानात ठेवतात.

दिव्यांचे लुकलुकणे हा आणखी एक प्रश्न. अमेरिकेत प्रत्यावर्ती विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असल्याने मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला १२० वेळा उजळतात व मंदावतात. डोळ्याला हे कळत नाही. पण शटर १/५०० सेकंद उघडे राहिले तर त्या चक्राचा साधारण चतुर्थांशच टिपला जातो. परिणामी लागोपाठ काढलेल्या चित्रांत एक उजळ, दुसरे काळवंडलेले, तिसरे तांबूस असा प्रकार घडतो. कधी एकाच चित्रात वरचा व खालचा भाग वेगळ्या रंगाचा येतो. मैदानावरील दिवे विजेच्या तीन फेजांवर वाटून दिलेले असतील तर हा दोष कमी होतो. २०१४ साली आलेल्या कॅननच्या ईओएस ७डी मार्क २ या कॅमेऱ्यात दिव्यांच्या उजळण्याशी शटरचा मेळ घालण्याची सोय होती. आता ती अनेक कॅमेऱ्यांत असते. नव्या एलईडी दिव्यांचे वर्तन त्यांच्या विद्युत मंडलावर अवलंबून असते. त्यांतील काही पूर्णपणे स्थिर प्रकाश देतात, काही नाही. भारतात वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने हेच चक्र सेकंदाला १०० वेळा घडते. महाराष्ट्रात रात्रीच्या कबड्डी स्पर्धा टिपणाऱ्यांना हा त्रास वेगळा सांगावा लागत नाही.

हंगामाच्या आरंभी, सप्टेंबरमध्ये, संध्याकाळी सातच्या सुमारास सामना सुरू होतो तेव्हा आकाशात संधिप्रकाश असतो. पहिल्या सत्रात काढलेल्या चित्रांना निळसर जांभळ्या आकाशाची पार्श्वभूमी लाभते. हा अवधी अर्ध्या तासाहून फारसा टिकत नाही, म्हणून कित्येक छायाचित्रकार संपूर्ण मैदानाचे विस्तृत दृश्य याच वेळी उरकून घेतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात. त्यानंतरच्या बाद फेरीच्या सामन्यांत आकाश पहिल्यापासून काळेच असते.

उद्भासनाचे गणित

चित्रावर किती प्रकाश पडावा हे शटरचा वेग, भिंगाचे छिद्र आणि आयएसओ संवेदनशीलता या तिहींवर ठरते. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा मुलगा १/६० सेकंदात सुमारे १३ सेंटिमीटर पुढे सरकतो. चित्रात त्याचा चेहरा पुसून जातो. १/५०० सेकंदात तेच अंतर १.६ सेंटिमीटर होते आणि चित्र स्पष्ट वाटते. म्हणून १/५०० ही बहुतेकांनी मानलेली खालची मर्यादा आहे. शक्य असेल तेथे १/८०० किंवा १/१००० ठेवतात. छिद्र भिंगाच्या कमाल क्षमतेइतके, सामान्यतः एफ/२.८ इतके, उघडे ठेवतात. उरलेली तूट संवेदनशीलता वाढवून भरून काढावी लागते; ती आयएसओ ३२०० ते ६४००, आणि अंधाऱ्या मैदानावर १२८०० पर्यंत जाते.

संवेदनशीलता वाढवल्याने चित्रात दाणे येतात असे सर्रास म्हटले जाते. दाण्यांचे मूळ कारण मुळात कमी प्रकाश पोहोचणे हे आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. दाण्यांच्या भीतीने कमी संवेदनशीलतेवर काळपट चित्र काढून ते नंतर संगणकावर उजळले, तर छायेतील भाग बहुधा अधिकच खराब होतो. दाणेदार पण स्पष्ट चित्र वृत्तपत्रात छापता येते. हलल्यामुळे पुसट झालेल्या चित्राला कोणताही उपाय नाही.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित मापन येथे विश्वासार्ह ठरत नाही. चौकटीत काळे आकाश अधिक आले की कॅमेरा चित्र अतिउजळ करतो, पांढऱ्या गणवेशाचा संघ समोर आला की काळवंडवतो. म्हणून मूल्ये स्वहस्ते ठरवून ती क्वचितच बदलण्याची पद्धत रूढ आहे.

शिरस्त्राणाखालील चेहरा

दिवे उंचावर आणि चेहरा शिरस्त्राणाच्या कडेखाली व जाळीआड, यामुळे गणवेश उजळ आणि डोळे अंधारात अशी स्थिती होते. गणवेशावरून मोजमाप केले तर चेहरा नाहीसा होतो. सावळ्या व काळ्या वर्णाच्या खेळाडूंच्या बाबतीत हा दोष सर्वाधिक जाणवतो. याला इतिहासही आहे. कोडॅकच्या रंगीत छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘शर्ली कार्ड’ नावाच्या प्रमाणपत्रिकांवर दीर्घकाळ गौरवर्णी स्त्रीचेच चित्र असे, आणि त्वचेचा ‘योग्य’ रंग त्यावरून ठरवला जाई. सतरा वर्षांच्या मुलाचे गावच्या वृत्तपत्रातील एकमेव चित्र आणि त्यात केवळ पाठीवरचा क्रमांक ओळखू यावा, ही तक्रार क्षुल्लक मानता येत नाही. यावर उपाय म्हणजे पांढरा गणवेश किंचित अतिउजळ होऊ देऊन चेहऱ्यासाठी मोजमाप करणे, गुडघ्यावर बसून खालच्या कोनातून चित्र घेणे आणि खेळाडूने मान वर केलेला क्षण निवडणे. चेंडू झेलताना मान आपोआप वर होते. खेळ थांबल्यावर बाकावर शिरस्त्राण काढून बसलेली मुले हाही या दृष्टीने मोलाचा विषय आहे.

साधने

७० ते २०० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ/२.८ छिद्राचे झूम भिंग हे या कामाचे मुख्य साधन होय. ४०० मिलिमीटर, एफ/२.८ भिंग लांबच्या दृश्यांसाठी उत्तम; पण त्याचे वजन सुमारे ३ किलो आणि किंमत कित्येक लाख रुपये. ते मोनोपॉड, म्हणजे एकपायी आधार, लावूनच वापरावे लागते. कॅमेऱ्यासोबत मिळणारे साधे झूम भिंग लांबच्या टोकाला एफ/५.६ असते आणि एफ/२.८च्या एक चतुर्थांश प्रकाश आत घेते. जेथे इतरांना ६४०० पुरते तेथे त्याला २५६०० लागते. कमी खर्चातील तोड म्हणून ८५ मिलिमीटर, एफ/१.८ सारखे स्थिर भिंग वापरतात. ते एफ/२.८च्या सुमारे २.४ पट प्रकाश देते, मात्र खेळ जवळ येण्याची वाट पाहावी लागते. शाळेच्या वार्षिकांकासाठी चित्रे काढणारे विद्यार्थी आणि हौशी पालक बहुधा हाच मार्ग पत्करतात.

मोठ्या छिद्रामुळे स्पष्टतेची खोली कमी होते. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटर व एफ/२.८ असताना २० मीटरवरील खेळाडूच्या आगेमागे मिळून जेमतेम पावणेदोन मीटर भाग स्पष्ट येतो. कॅमेऱ्याचे केंद्रीकरण क्षणभर चुकले तरी मागचा पंच स्पष्ट आणि खेळाडू धूसर होतो.

फ्लॅशचा वापर एकेकाळी सार्वत्रिक होता. स्पीड ग्राफिक कॅमेरा आणि एकदाच जळणारे फ्लॅश बल्ब घेऊन वार्ताहर मैदानावर येत. एका चित्रासाठी एक बल्ब, त्यामुळे नेम धरूनच चाप दाबावा लागे. १९५४ साली कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म ३५ मिलिमीटर आकारात आल्यावर, ती विकसित करताना वेग ‘ढकलून’ मिळत्या प्रकाशात काम करणे शक्य झाले. २००७ मध्ये निकॉनच्या डी३ कॅमेऱ्याने आयएसओ ६४०० वापरण्याजोगे केले आणि फ्लॅशची गरज खूपच घटली. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. दुप्पट अंतरावर तो चौथाई उरतो, मागील मैदान काळेकुट्ट दिसते आणि खेळाडूंचे डोळे लाल चमकतात. काही शाळा व पंच त्याला परवानगी देत नाहीत. सामन्यापूर्वी विचारून घेण्याचा शिष्टाचार आहे.

जागा आणि क्षण

खेळ आपल्या दिशेने येईल अशी जागा घेणे हे या कलेचे अर्धे अंग आहे. चेंडू ज्या रेषेवरून खेळात येतो तिच्या १० ते १५ यार्ड पुढे सीमारेषेबाहेर, किंवा सरळ एंड झोनच्या मागे थांबतात. दोन्ही बाजूंना २५ यार्डांच्या रेषांमधील पट्टा संघांसाठी राखीव असल्याने तेथे उभे राहता येत नाही. सीमारेषेलगत पंच धावत असतात, तोही भाग मोकळा ठेवावा लागतो. भिंगातून पाहताना अंतराचा अंदाज सुटतो. शंभर किलोंचा खेळाडू सीमेबाहेर कोसळताना चित्र सोडून बाजूला होणेच शहाणपणाचे. अशा धडकांत छायाचित्रकार जखमी झालेले आहेत.

शटरचा वेग पुरेसा नसेल तेव्हा हालचालीतील विसाव्याचे क्षण उपयोगी पडतात. चेंडू फेकण्यासाठी हात मागे नेलेला क्वार्टरबॅक, उडीच्या अत्युच्च बिंदूवरील खेळाडू, चेंडू सुटण्यापूर्वी एकमेकांसमोर वाकलेल्या दोन फळ्या, यांत गती निमिषभर थांबलेली असते. सामना संपल्यावरची आलिंगने, हरलेल्या संघातील शेवटच्या वर्षाची मुले, मध्यंतरातील वाद्यवृंद ही दृश्ये १/१२५ सेकंदातही मिळतात. अमेरिकेतील मराठी घरांतली मुले फुटबॉलपेक्षा या वाद्यवृंदात दिसण्याचा संभव अधिक. त्यांच्या पालकांना बहुधा याच चित्रांची प्रतीक्षा असते.

प्रसिद्धी, हक्क आणि मर्यादा

सामना रात्री साडेनऊ-दहाला संपतो आणि सकाळच्या अंकाची वेळ जवळ आलेली असते, म्हणून वृत्तपत्रांचे छायाचित्रकार अनेकदा मध्यंतरालाच चित्रे पाठवतात. निर्णायक गुण त्यानंतर झाला तर तो अंकात येत नाही. आता स्थानिक वृत्तपत्रे बंद पडत चालल्याने अनेक गावांत हे काम पालकांवर आणि स्वतंत्र छायाचित्रकारांवर आले आहे. बातमीसाठी चित्र देणे आणि पालकांना प्रती विकणे यांतील सीमारेषेवरून वादही झाले. इलिनॉय राज्यात २००७ साली राज्य शालेय संघटना आणि वृत्तपत्रांची संघटना यांच्यातील असा वाद न्यायालयात गेला आणि पुढील वर्षी तडजोडीने मिटला.

खेळाडू बहुतेक अल्पवयीन असतात. सार्वजनिक सामन्याची चित्रे काढण्यास सामान्यतः आडकाठी नसली, तरी दुखापतीने कळवळणाऱ्या मुलाचे चित्र प्रसिद्ध करावे काय, याबाबत संपादकांत मतभेद आहेत. मुलाचे कुटुंब त्या वेळी बाकांवरच बसलेले असते. काही छायाचित्रकार चित्र काढून ठेवतात, पण दुखापतीचे स्वरूप कळेपर्यंत कार्यालयाकडे पाठवत नाहीत.

चित्रातील दाणे कमी करणारी संगणकीय साधने अलीकडे फार सुधारली आहेत. ॲडोबी लाइटरूममध्ये अशी सोय २०२३ साली आली. वृत्तछायाचित्रणात दाणे घालवणे वा रंग सुधारणे ग्राह्य आहे. दिव्याचा खांब पुसणे किंवा चेंडू सरकवणे ग्राह्य नाही. दाणे फार घालवले तर चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत होतो आणि गालावरची माती व घामही नाहीसा होतो.

हेही पहा: क्रीडा छायाचित्रण, अमेरिकन फुटबॉल, शटर, मेटल हॅलाइड दिवा