‘ईगल’च्या संगणकाचा वेळ कोणी खाल्ला?

संगणक रखडला की टास्क मॅनेजर उघडून कोणते काम प्रोसेसरला अडवून बसले आहे, हे आज शाळकरी विद्यार्थीही पाहतो. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरणाऱ्या ‘ईगल’मध्ये अशी सोय नव्हती. (भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून २१ तारीख लागली होती.) सुमारे १० किलोमीटर उंचीवर संगणकाने १२०२ हा आकडा दाखवला. त्याचा अर्थ एवढाच, की कामे फार झाली. नव्या कामास जागा नाही.

ह्यूस्टनमध्ये स्टीव्ह बेल्स आणि अवघ्या २४ वर्षांचा जॅक गार्मन यांनी काही सेकंदांत उतरणे चालू ठेवण्याचा कौल दिला. प्रत्येक इशाऱ्यासरशी संगणक दुय्यम कामे टाकून देऊन नव्याने सुरू होत होता; इंजिनाची सूत्रे मात्र त्याने सोडली नाहीत. पण अपराधी कोण?

कामांच्या यादीत तो नव्हताच! परतीच्या वेळी मूळ यान गाठण्यासाठी असलेले रडार उतरतानाही चालू होते. त्याच्या आणि संगणकाच्या बाजूच्या ८०० हर्ट्झच्या विद्युतपुरवठ्यांची कला जुळत नव्हती. त्यामुळे स्थिर अँटेना सतत हलत असल्याचे खोटे संकेत संगणकाकडे येऊ लागले. सेकंदाला १२,८०० पर्यंत स्पंद! ते मोजण्यातच त्याचा जवळजवळ १५ टक्के वेळ जात होता.

हा दोष पूर्वी चाचणीत दिसल्याचे एमआयटीच्या गटातील जॉर्ज सिल्व्हर यांना आठवले. चंद्रावरून उड्डाण करण्यापूर्वी रडारच्या कळा कोणत्या स्थितीत ठेवायच्या, हे अंतराळवीरांना पृथ्वीवरून कळवण्यात आले.