सहा वर्षांचं इंग्रजी

जपानला इंग्रजी शिकवायला जायचं, हे मी मागच्या पावसाळ्यात ठरवलं. कंपनी पुण्यातली, काम रत्नागिरीच्या घरातून. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री जपानी लिपी गिरवायची. हिरागाना दोन आठवड्यांत जमली, कांजी अजून छळतेय. सॉफ्टवेअरवालीच म्हणून जपानला जा की, पगारही बरा मिळेल, असं बाबांचं म्हणणं. पण इंजिनिअरिंगला असताना ज्युनियर मुलींची व्हायवाची तयारी करून घ्यायचे, तेव्हापासून मला शिकवण्याची चटक लागली होती.

मग एक नियम समोर आला. जपानच्या शाळांमध्ये परदेशी माणसाला भाषा शिकवायला जायचं तर त्या व्हिसासाठी पदवीबरोबर आणखी एक अट असते. जी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. म्हणजे अकरावी, बारावी आणि इंजिनिअरिंगची चार. बेरीज सहा.

त्या रात्री जेवताना मी हे वैतागून सांगितलं. आजी ऐकत होती. म्हणाली, "तुझी सहा तरी आहेत गो. माझं तर शून्य."

आजीनं लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, घरी अभ्यास करून एसएनडीटीचं बी.ए. केलं. इंग्रजीचा विषय सोडला तर सगळं मराठीतून. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तिला मराठीतून पदवी घेता आली त्यामागे जपानचाही एक धागा आहे, हे मला माहीत नव्हतं.

तो धागा आमच्याच जिल्ह्यात सुरू होतो. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. वाढले दापोलीजवळच्या मुरुडात. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी ते घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं. हे वाचताना मला माझ्या सहाच्या आकड्याची आठवण झाली. पुढच्या वर्षी ते पुन्हा बसले आणि पास झाले. मग मुंबईत शिकून गणिताचे पदवीधर, पुण्यात फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक, १८९६ साली विधवांसाठी आश्रम, नंतर हिंगण्याची शाळा.

१९१५ साली कर्व्यांच्या हाती टपालानं एक पुस्तिका आली. तोक्योच्या जपान महिला विद्यापीठाची. हे विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली सुरू केलं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना कर्व्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६च्या जूनमध्ये ते सुरूही झालं. पहिले कुलपती रा. गो. भांडारकर, ज्यांचं शालेय शिक्षण रत्नागिरीत झालं. पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे, तेही दापोलीकडचेच. विद्यार्थिनी पाच. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आजचं एसएनडीटी. सरकारी कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली मिळाली.

या विद्यापीठात शिकवायचं मातृभाषेतून, असं कर्व्यांनी ठरवलं. तेव्हा आपल्याकडे कॉलेज म्हणजे इंग्रजी, हे गृहीतच होतं. पण जपानी मुली जपानीतून उच्च शिक्षण घेत होत्या. आशियातल्या एका देशात हे चालू आहे, ही गोष्ट कर्व्यांसारख्या माणसाला बळ देणारी होती.

जपानलाही हे आपोआप मिळालं नव्हतं. फुकुझावा युकिची यांनी कष्टानं डच भाषा शिकली. १८५९ साली ते योकोहामाला गेले तर दुकानांच्या पाट्याही वाचता येईनात, कारण सगळा कारभार इंग्रजीत. मग ते पुन्हा पहिल्यापासून इंग्रजी शिकायला बसले. १८७०च्या दशकात जपाननं परदेशी प्राध्यापक मोठ्या पगारावर आणले. तोक्योत गणित, विज्ञान, कायदा, बरंचसं परदेशी भाषांतून शिकवलं जायचं. मोरी आरिनोरी हे पुढे शिक्षणमंत्री झाले. त्यांनी तर त्याच काळात जपानीऐवजी इंग्रजीच आणावी की काय, असा विचार मांडला होता.

पुढे परदेशी शिकून आलेले जपानी लोक त्या खुर्च्यांवर बसू लागले. १९०३ साली तोक्यो विद्यापीठातली लाफकाडिओ हर्न यांची इंग्रजीची जागा लंडनहून परतलेल्या नात्सुमे सोसेकी यांच्याकडे आली. तेच पुढचे मोठे कादंबरीकार.

सोसेकींनी १९११ साली लिहिलेली एक गोष्ट वाचून मी थबकले. तक्रार अशी होती, की हल्लीच्या मुलांचं इंग्रजी कच्चं झालंय. सोसेकी म्हणाले, होणारच. आमच्या वेळी सगळे विषय इंग्रजीतून होते, आता जपानीतून आहेत आणि हे चांगलंच आहे. सगळं शिक्षण परक्या भाषेतून घेणं त्यांना अपमानाचं वाटत होतं. उदाहरण त्यांनी कुणाचं द्यावं? ब्रिटनच्या ताब्यातल्या हिंदुस्थानचं.

त्यानंतर चारच वर्षांनी त्या हिंदुस्थानातला एक गणिताचा मास्तर तोक्योची पुस्तिका वाचत होता.

कर्व्यांनी इंग्रजी काढून टाकलं नाही, हेही सांगायला हवं. गांधीजींना मातृभाषेचं माध्यम पटलं, पण इंग्रजी विषय ऐच्छिक असावा असं त्यांचं मत होतं. कर्वे ऐकले नाहीत. विषय मराठीतून शिका, पण इंग्रजी ही भाषा शिकलीच पाहिजे, यावर ते ठाम राहिले. बायकांचा अभ्यासक्रम पुरुषांपेक्षा वेगळा हवा, त्यात गृहशास्त्र हवं, हा त्यांचा आग्रह मात्र मला आज खटकतो. आजीलाही खटकतो. "भाकऱ्या मला येतच होत्या," ती म्हणते, "मला इतिहास वाचायचा होता." पण घरात राहून, मराठीतून, तो इतिहास तिला वाचता आला हेही खरंच.

१९२९ साली, सत्तरी ओलांडलेले कर्वे जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका करून परत येताना ते तोक्योचं महिला विद्यापीठ बघून आले. नारुसे १९१९ सालीच गेले होते. पुस्तिकेत वाचलेलं विद्यापीठ कर्व्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते चौदा-पंधरा वर्षांनी.

आता माझं. जपानमध्ये २०२०पासून पाचवी-सहावीच्या मुलांना इंग्रजी हा रीतसर विषय आहे, त्यामुळे शिकवणारी माणसं हवीच आहेत. शाळेचा दरवाजा माझ्यासाठी सध्या बंद. पण खासगी संभाषणवर्ग असतात, त्यांना एइकाइवा म्हणतात. तिथल्या व्हिसाचा प्रकार वेगळा आहे आणि पदवी असली तर त्याला माध्यमाची अट नाही. जाहिरातींत मात्र बरेचदा मातृभाषा इंग्रजी असलेलाच माणूस मागतात. तरी मी दोन ठिकाणी अर्ज केलेत.

एका ठिकाणी नमुना तास मागितला. मी 'अ' आणि 'द' हा धडा निवडला. मराठीत हे दोन शब्द नाहीत, जपानीतही नाहीत. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि आपला 'ला', 'चा' जसा नामाला मागून लागतो तसा त्यांचा 'ओ', 'नो' लागतो. आंबा आणला म्हटलं की कुठला आंबा ते आपण बोलण्याच्या ओघातून ओळखतो, तेही तसंच ओळखतात. हे 'अ' आणि 'द' माझ्या डोक्यात नीट बसायला बारावी उजाडली होती. कुठे अडखळायला होतं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथेच अडखळले होते.

तासाची रंगीत तालीम आजीसमोर केली. तिनं मध्येच थांबवून विचारलं, "पण सूर्याला 'द' का गो? सूर्य काय दुसरा आहे?"

दुसरा नाही म्हणूनच, मी म्हटलं. ती हसली, आणि मी ते उत्तर धड्यात घातलं.

अर्जात इंग्रजी माध्यमाची वर्षं विचारली होती. तिथे मी ६ लिहिलं. खाली जास्तीच्या माहितीची जागा होती. तिथे लिहिलं, की त्याआधी दहा वर्षं मराठीतून शिकले आणि इंग्रजी हा विषय म्हणून शिकले. तुमच्या विद्यार्थ्यांसारखीच.

उत्तर अजून आलेलं नाही. कांजी चालू आहे.